वर्ग, वारसा आणि वरचे नाव



संगणकाच्या भाषांचा इतिहास सांगावयास व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार संघटनेतला माणूस उभा केला, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे थोडेफार झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, उसन्या पुस्तकांवर झाले. तेव्हा गणितातला अधिकार मी सांगत नाही. परंतु आज जगातील पुष्कळसे मोठे प्रोग्रॅम ज्या पद्धतीने लिहिले जातात, त्या पद्धतीच्या दोघा जनकांपैकी एकाने आपल्या कर्तृत्वाच्या ऐन भरात लोखंड व धातुकामगारांच्या युनियनसाठी काम करावयास घेतले, ही गोष्ट संगणकाच्या पुस्तकांत सहसा एका ओळीत उरकली जाते. ती एक ओळ मला पुरत नाही. हा इतिहास आमच्याही घरचा आहे.

गोष्ट नॉर्वेची. क्रिस्टेन न्यूगार्ड हा १९२६ साली जन्मलेला गणिती १९४८ मध्ये नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत लागला. देशाची पहिली अणुभट्टी उभी राहावयाची होती आणि तिच्यासाठी लागणारे काही हिशेब सरळ समीकरणांनी सुटण्यासारखे नव्हते. मग यदृच्छेने आकडे घ्यावयाचे, हजारो वेळा तीच घटना कागदावर घडवून पाहावयाची आणि सरासरी काढावयाची, असा मार्ग त्याने धरला. संगणक हाताशी नव्हता. माणसेच आकडेमोड करीत. ह्या खटपटीतून न्यूगार्डला एक गोष्ट उमगली. बंदरात बोटी किती वेळ खोळंबतील, कारखान्यात माल कोणत्या यंत्रापाशी तुंबेल, खिडकीपुढची रांग केवढी होईल, असल्या प्रश्नांना समीकरण पुरत नाही. त्या व्यवहाराची हुबेहूब लहान प्रतिकृती चालवून पाहावी लागते. आणि अशी प्रतिकृती लिहावयाची तर तिला स्वतःची भाषा हवी. १९६० साली तो ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आला. त्याच्याहून पाच वर्षांनी लहान असलेला ओले-योहान डाल हा अव्वल दर्जाचा प्रोग्रॅम-लेखक पुढे तेथेच त्याला येऊन मिळाला, आणि त्या जोडीने 'सिम्युला' नावाची भाषा रचली.

प्रारंभी त्यांच्या डोळ्यांपुढे असलेले चित्र असे होते: जागोजागी ठाणी आहेत आणि त्यांतून गिऱ्हाइके सरकत आहेत. काम करावयाचे ते ठाण्याने. गिऱ्हाइकाने फक्त सरकावयाचे. पण लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले की हेच चित्र उलटेही काढता येते. बोट स्वतः बंदरात येते, धक्का मागते, माल उतरवते, निघून जाते; धक्का बापडा जागच्या जागी असतो. कर्ता कोण आणि कर्म कोण, हे पाहणाऱ्याच्या जागेवर ठरते. तेव्हा त्यांनी दोघांनाही एकच दर्जा दिला. ज्याच्यापाशी स्वतःची माहिती आहे आणि स्वतःचे वागणे आहे, असा प्रत्येक जण एक स्वतंत्र घटक. गिऱ्हाईक म्हणजे नुसती सरकणारी वस्तू नव्हे, हे कळावयास त्या दोघा बुद्धिमान माणसांना दोनेक वर्षे लागली. आमच्या ओळखीच्या कित्येक कचेऱ्यांना ते अजून कळावयाचे आहे.

१९६३ मध्ये केंद्राला अमेरिकेतील युनिव्हॅक कंपनीचे यंत्र मिळाले आणि १९६५ च्या सुमारास सिम्युलाची पहिली आवृत्ती चालू लागली. खरा पेच मात्र तिच्या वापरातून पुढे आला.

पेच समजण्यासाठी एक पूल डोळ्यांपुढे आणा. पुलाच्या तोंडाशी टोलनाका आहे आणि नाक्यापुढे ट्रक, बस व मोटारी अशी मिश्र रांग आहे. ट्रकाला वजन असते, बसला उतारू असतात, मोटारीला दोन्हींपैकी फारसे काही विचारण्यासारखे नसते. तिघांचे वर्णन निराळे लिहावे लागणार, हे उघड आहे. परंतु रांगेच्या दृष्टीने तिघे सारखेच! रांगेला एवढेच हवे असते की प्रत्येकाला आपल्या पुढे कोण व मागे कोण हे ठाऊक असावे. मग ट्रकांची रांग निराळी लिहावयाची, बसची निराळी, मोटारींची निराळी? आणि उद्या रुग्णवाहिका आली की चौथी? तसे केले तर एकच मजकूर चार ठिकाणी येतो, आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती उरलेल्या तीन ठिकाणी राहून जाते. ज्याने हाताने पगारपत्रके केली आहेत त्याला हे दुखणे समजावून सांगावयास नको.

इंग्लंडमधील टोनी होअर ह्याने १९६५ साली नोंदींचे वर्ग आणि त्यांचे उपवर्ग करण्याची कल्पना मांडली होती. पुढल्या वर्षी फ्रान्समधील विलार-द-लांस ह्या गावी भरलेल्या उन्हाळी वर्गात त्याने तिच्यावर व्याख्याने दिली. डाल व न्यूगार्ड ह्यांनी ती कल्पना बारकाईने अभ्यासली. पण तेवढ्याने त्यांचे भागेना. होअरच्या नोंदी म्हणजे नुसती माहिती होती; ह्यांना वागणारे, हालचाल करणारे घटक हवे होते. शिवाय समाईक गुण एकदा लिहून ठेवावे आणि ज्यांची आज कोणाला कल्पनाही नाही अशा प्रसंगी ते पुढे कोणीही वापरावे, अशी सोय त्यांना पाहिजे होती. माझ्या मते सगळ्या शोधाचे मर्म ह्या मागणीत आहे. रांग लिहिणाऱ्याने ती लिहून मोकळे व्हावे आणि रांगेत उद्या कोण उभा राहील हे त्याला ठाऊक नसावे.

उत्तर १९६६ सरता-सरता, १९६७ च्या आरंभी सापडले. 'रांगेत उभा राहणारा' असा एक छोटा वर्ग लिहावयाचा. त्यात पुढचा-मागचा ह्यांची माहिती ठेवावयाची. मग ट्रकाचे वर्णन लिहिताना त्याच्या आधी ह्या वर्गाचे नाव जोडावयाचे. शब्दाला उपसर्ग लागावा तसा एक वर्ग दुसऱ्याला लागला, आणि त्यांनी त्याला नावही उपसर्ग असेच दिले. 'वारसा' हा शब्द सिम्युलात नव्हता. तो मागाहून आला. मला विचाराल तर उपसर्ग हाच शब्द अधिक प्रामाणिक होता. वारसा म्हटले की बाप गेला आणि शेत मुलाच्या नावावर चढले, असे काही मनात येते. येथे कोणी मरत नाही आणि वाटणीही होत नाही; वरच्या वर्गात जे आहे ते सर्वच्या सर्व प्रत्येक उपवर्गाला मिळते, आणि त्यापुढे उपवर्ग आपले स्वतःचे जोडतो.

हे यंत्राच्या पोटात कसे बसते ते सांगितल्यावाचून पुढची गोष्ट पटणार नाही. स्मृतीत ट्रकाची एक सलग पट्टी असते. पट्टीच्या आरंभी रांगेचा भाग: पुढचा कोण, मागचा कोण. त्याच्या मागोमाग ट्रकाचा भाग: वजन वगैरे. बसचीही पट्टी तशीच. आरंभ तोच, शेपूट निराळे. म्हणून रांग चालविणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती पट्टीच्या आरंभाचा पत्ता आला की त्याचे काम भागते. शेपटात काय आहे ते त्याने पाहावयाचे कारण नाही. ट्रकाला 'रांगेतला एक' म्हणावयाचे तर यंत्राला काडीइतकेही काम करावे लागत नाही; पत्ता तोच, पट्टी तीच, फक्त हाक मारण्याचे नाव वरच्या वर्गाचे. इंग्रजीत ह्याला आज अपकास्टिंग म्हणतात. वंशवृक्ष काढताना मूळ वर्ग वर आणि उपवर्ग खाली काढतात, म्हणून 'अप'. आपण त्याला वरच्या नावाने हाक मारणे म्हणू.

ह्या हाकेचे नियम कामगाराला चटकन समजतील. कारखान्याच्या मस्टरवर फिटर असतो, वेल्डर असतो, क्रेनचालक असतो. फाटकावरच्या टाइम ऑफिसला सर्व जण 'कामगार' म्हणून ठाऊक. बिल्ला नंबर काय, कोणती पाळी, किती वाजता आत आला, एवढे तो कारकून कोणालाही विचारू शकतो. परंतु 'कामगार' एवढेच नाव हाती असताना 'तुझी वेल्डिंगची परीक्षा झाली आहे काय' असे त्याला विचारता येत नाही, कारण तो प्रश्न प्रत्येक कामगाराला लागू नाही. आता नीट पाहा: वेल्डरचे कौशल्य गेले काय? मुळीच नाही. ते त्याच्या हातात जसेच्या तसे आहे. कमी झाले ते विचारणाऱ्याच्या नजरेतले. वर जाताना तपासणी लागत नाही, कारण प्रत्येक वेल्डर कामगार असतोच. खाली येताना मात्र लागते, कारण प्रत्येक कामगार वेल्डर नसतो. सिम्युलाने हे दोन्ही नियम भाषेतच घातले. वरची हाक प्रोग्रॅमचे भाषांतर होतानाच मान्य होई. खालच्या नावाने हाक मारावयाची तर प्रोग्रॅम चालू असताना त्या घटकाची जात पाहूनच पुढे जावे लागे.

मे १९६७ मध्ये ओस्लोजवळच्या लिसेबू येथील परिषदेत दोघांनी वर्ग आणि उपवर्ग ह्यांवरील निबंध वाचला. नव्या भाषेला सिम्युला ६७ असे नाव पडले. त्याच वर्षी तिच्यात आणखी एक सोय आली, तिला व्हर्च्युअल म्हणतात. पुलावर परत चला. नाकेदार रांगेतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: 'तुझा टोल किती?' विचारताना त्याने वाहन हेच वरचे नाव वापरले आहे. तरी उत्तर ट्रक आपल्या वजनाच्या हिशेबाने देतो आणि बस आपल्या हिशेबाने. प्रश्न वरच्या नावाचा, उत्तर ज्याचे त्याचे. ही सोय नसती तर वरच्या नावाने हाक मारणे म्हणजे सर्वांना एका मापाने मोजणे झाले असते.

ह्यापुढचा प्रवास पुष्कळांना ठाऊक असल्यामुळे मी भराभर सांगतो. अमेरिकेत यूटा विद्यापीठात १९६६ साली अ‍ॅलन के नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती अल्गोल म्हणून जे बाड पडले ते निघाले सिम्युला. त्या वाचनातून मिळालेले बी पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ह्या भाषेच्या रूपाने उगवले. गंमत अशी की १९७२ च्या स्मॉलटॉकमध्ये वारसा नव्हताच. तो १९७६ च्या आवृत्तीत आला. डेन्मार्कचा ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप केंब्रिजला असताना सिम्युला वापरीत होता. तिची मांडणी त्याला आवडली, संथपणा सोसवेना. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत त्याने १९७९ मध्ये सी ह्या भाषेवर वर्गांचे कलम केले. तीच सी प्लस प्लस. १९९५ साली जावा आली, आणि हिंजवडीत बसलेली आमची मुले दिवसभर जे लिहितात त्यात ओस्लोच्या त्या रांगेची मांडणी पावलोपावली असते.

कलम करताना एक काटाही उगवला. सिम्युलात घटकाचा पत्ता हाती धरून हाक मारली जाई. सी प्लस प्लसमध्ये पत्त्याऐवजी घटकाची नक्कलही काढता येते. वरच्या वर्गाच्या मापाच्या पेटीत उपवर्गाचा घटक ओतला, तर पेटीत बसेल तेवढा आरंभाचा भाग राहतो आणि शेपूट कापले जाते. ह्याला ते लोक स्लाइसिंग म्हणतात. मस्टरवर वेल्डरचे नाव 'कामगार' म्हणून लिहिणे निराळे. वेल्डरची अशी दुसरी प्रत करणे, की जिला वेल्डिंग येतच नाही, हे निराळे. पहिल्यात नजर आखूड होते, दुसऱ्यात माणूस. जावात घटक पत्त्यानेच धरले जात असल्यामुळे हा काटा तेथे नाही. पण तिच्यातही एक आहे. हापूसच्या पेटीला 'फळांची पेटी' म्हणू द्यावे काय? जावाने म्हणू दिले. मग फळांची पेटी समजून कोणी तीत पेरू टाकू लागला की प्रोग्रॅम ऐन वेळी अडतो आणि तक्रार करून थांबतो. एकेका आंब्याला फळ म्हणणे निर्धोक आहे. पेटीला म्हणणे नव्हे, कारण पेटीतून नुसते काढावयाचे नसते, तीत घालावयाचेही असते.

असल्या काट्यांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो बार्बरा लिस्कॉव ह्या विदुषीने १९८७ साली एका परिषदेत स्वच्छ मांडला आणि १९९४ मध्ये जॅनेट विंग ह्यांच्यासह त्याला गणिती रूप दिले. उपसर्ग जोडला, पट्टी जुळली, एवढ्याने उपवर्ग खरा वारस होत नाही. वरच्या वर्गाने जगाला जी वचने दिली आहेत ती उपवर्गाने पाळली पाहिजेत. त्याने अधिक मागू नये आणि कमी देऊ नये. हे वाचताना मला आमच्या सेटलमेंटांची आठवण झाली. कारखाना विकला जातो, फाटकावरची पाटी बदलते, नवा मालक म्हणतो, 'यंत्रे माझी, जमीन माझी, करार मात्र जुन्या मालकाचा.' त्याला वारसा हवा असतो, वचन नको असते.

आता ह्या सर्वांचा आम्हा लोकांशी संबंध काय? एका कारखान्यातला अनुभव सांगतो; कारखान्याचे नाव सांगत नाही. तेथे हजेरी संगणकावर गेली. एकदा आगीच्या घंटेचा सराव झाला, आणि आत कोण कोण आहे त्याची यादी छापून आली. यादी व्यवस्थित होती, पण मैदानात उभी राहिलेली माणसे यादीपेक्षा कितीतरी अधिक होती. ठेकेदाराचे मजूर तीत नव्हतेच. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांची नोंद 'कामगार' ह्या वर्गाखाली केलेलीच नाही. ती खरेदीच्या वर्गाखाली, ठेकेदाराच्या बिलाला जोडलेली आहे. संगणकाची काही चूक नव्हती. 'सर्व कामगार' असे विचारल्यावर त्याने सर्व कामगार दिले. आगीत सापडला असता तो मजूर, पण त्याला त्या वरच्या नावाने हाक मारण्याची सोयच कोणी ठेवली नव्हती. वंशवृक्ष काढला होता हिशेबखात्याने, आणि काढताना आम्हांला कोणी विचारले नव्हते. ती नोंद हलविणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराच्या मते एका दुपारचे काम होते. व्यवस्थापनाकडून होकार मिळावयास चार बैठका लागल्या.

न्यूगार्डला हे आमच्या कितीतरी आधी दिसले होते. सिम्युला वापरून नॉर्वेतल्या कारखान्यांचे आराखडे तपासले जाऊ लागले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की त्या प्रतिकृतीत यंत्र, माल आणि माणूस असे सगळेच घटक असतात. आणि त्यांतल्या माणसाचे कोणते गुण लिहावयाचे व कोणते गाळावयाचे, हे जो ठरवितो त्याच्या निर्णयाचे परिणाम उद्या प्रत्यक्ष कारखान्यात खऱ्या माणसाच्या वाट्याला येतात. आपण बनविलेले हत्यार एकाच बाजूच्या हाती आहे, हे त्याला रुचले नाही. १९७० मध्ये तो नॉर्वेच्या लोखंड व धातुकामगार युनियनबरोबर कामाला लागला.

ते काम १९७३ पर्यंत चालले, आणि ते ज्या रीतीने झाले तिचे मला फार कौतुक वाटते. प्रारंभी तज्ज्ञांनी अहवाल लिहावा आणि युनियनने तो वाचावा, असाच बेत होता. तो त्यांनी मोडला. कामगार जे प्रत्यक्ष करतील तेच ह्या प्रकल्पाचे फलित, असे ठरविले. कोंग्सबर्गच्या शस्त्रकारखान्यासारख्या ठिकाणी कामगारांचे अभ्यासगट बसले, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली, आणि कारखान्यात येऊ घातलेल्या नियोजनपद्धतींची चिकित्सा कामगारांनी स्वतः केली. त्यातून १९७५ साली नॉर्वेची मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकांची संघटना ह्यांच्यात संगणकपद्धतींविषयी सर्वसाधारण करार झाला. आणावयाच्या पद्धतीची माहिती कामगारांच्या प्रतिनिधींना आधी दिली पाहिजे. ती त्या विषयात तज्ज्ञ नसलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. आणि ह्या कामासाठी कामगारांना आपला निराळा प्रतिनिधी निवडता येईल, अशी त्यात तरतूद होती. १९७७ च्या कायद्याने नियोजनाच्या पद्धती ठरविताना सहभागी होण्याचा कामगारांचा हक्क मान्य केला.

त्याच वर्षांत न्यूगार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डेल्टा नावाची आणखी एक भाषा रचली. ती यंत्रावर चालविण्यासाठी नव्हती. एखादी व्यवस्था कशी आहे ते माणसांनी माणसांना सांगावे, ह्यासाठी ती होती. तिचे मूळ सिम्युलातच होते. वर्ग आणि उपवर्ग तिच्यातही आहेत. पुढे तो डेन्मार्कमधील आर्हुसच्या मंडळींबरोबर बीटा ह्या भाषेवर काम करीत राहिला, आणि १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेने युरोपीय संघात जाऊ नये म्हणून झालेल्या चळवळीचे नेतृत्वही त्याने केले. नॉर्वेने 'नाही' म्हटले. डाल विद्यापीठात शिकवीत राहिला. तो अबोल, संगीतात रमणारा गृहस्थ होता. संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००१ सालासाठी दोघांना मिळून देण्यात आला. २९ जून २००२ रोजी डाल वारला आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला न्यूगार्ड.